भाग चार चांगला, भाग चार-क अपुरा : जळगावातील एका संविधान वर्गाविषयी

स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या जळगावातील एका अभ्यासिकेने गेल्या पावसाळ्यात रविवारी दुपारी एक छोटा वर्ग चालवला. राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे आणि नागरिकांची मूलभूत कर्तव्ये, म्हणजे संविधानाचा भाग चार आणि भाग चार-क, एवढाच त्याचा विषय होता. शुल्क ८०० रुपये होते आणि त्यात छापील नोट्स व मधल्या सुट्टीतला चहा धरलेला होता. अभ्यासिकेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. या एकाच विषयाला इतका वेळ देणारा दुसरा वर्ग माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे ज्याला जायचे आहे त्याला तो विचारपूस करून सापडेल.

माझी ओळख एवढ्यासाठी सांगतो की, अभिप्राय कोणत्या नजरेने लिहिला आहे हे वाचणाऱ्याला कळावे. मी यावल तालुक्यात विविध कार्यकारी सोसायट्यांचा, म्हणजे गावात शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थांचा, गटसचिव आहे आणि परीक्षेला बसण्याचे वय केव्हाच मागे पडले आहे. सहकार खात्याच्या परिपत्रकांत सहकारी संस्थांविषयीच्या ९७व्या घटनादुरुस्तीचा उल्लेख वर्षानुवर्षे वाचत आलो, पण ती संविधानात नेमकी कुठे बसते हे कोणी समजावून सांगितले नव्हते, म्हणून नाव नोंदवले. वर्गात बहुतेक मुले-मुली तलाठी, ग्रामसेवक आणि राज्यसेवेच्या परीक्षांची तयारी करणारी होती आणि ती चोपडा, धरणगाव, अमळनेर, भुसावळ अशा ठिकाणांहून एस.टी.ने येत. माझ्यासारखे परीक्षेबाहेरचे लोक मोजकेच होते.

शिकवणारे सर पूर्वी काही वर्षे वकिली केलेले आहेत आणि त्यांची भाग चार शिकवण्याची पद्धत मला या वर्गाची खरी मिळकत वाटली. अनुच्छेद ३६ ते ५१ क्रमाने पाठ करून घेणे त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवले. प्रत्येक तत्त्वासमोर ते एकच प्रश्न लिहीत : हे तत्त्व आज कोणत्या कायद्यात, कोणत्या कार्यालयात आणि कोणाच्या हातात आहे? उत्तर मिळाले तर त्या कायद्याचे साल फळ्यावर येई आणि मिळाले नाही तर ती जागा कोरी राही. फळ्यावरच्या कोऱ्या जागाही बऱ्याच बोलक्या होत्या.

अनुच्छेद ३७ वर त्यांनी पुरेसा वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा होता, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ही तत्त्वे कोणत्याही न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत, तरीही देशाच्या शासनव्यवहारात ती मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, अशी दोन्ही टोकांची विधाने त्या एकाच अनुच्छेदात आहेत. अमळनेरकडच्या एका मुलाने त्यावर अहिराणीत विचारले, "मंग हाई सम्द कागदवरच शे का?" (मग हे सगळे कागदावरच आहे का?) वर्ग हसला, पण सरांनी प्रश्न उडवून लावला नाही. संविधान सभेतही हाच आक्षेप आला होता, हे त्यांनी सांगितले. बँकेला सोयीचे होईल तेव्हा वटणारा धनादेश, असे या तत्त्वांचे वर्णन के. टी. शाह यांनी केले होते. सोसायटीच्या कर्जवाटपात आयुष्य गेलेल्या मला तो टोला लगेच उमगला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना याला दिलेले उत्तरही सरांनी नीट उलगडले. सत्तेवर येणाऱ्याला या तत्त्वांचा भंग केल्याबद्दल न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे तो निश्चितपणे द्यावा लागेल, असा त्याचा आशय आहे. ब्रिटिश काळातील १९३५च्या भारत सरकार कायद्याखाली गव्हर्नरांना दिल्या जाणाऱ्या सूचनापत्राशी आंबेडकरांनी या तत्त्वांचे नाते जोडले होते. फरक एवढाच की, आता सूचना कायदेमंडळाला आणि कार्यकारी यंत्रणेला द्यायच्या होत्या. ही कल्पना जिथून घेतली त्या आयर्लंडच्या १९३७च्या संविधानाचा संदर्भ परीक्षेत हमखास विचारला जातो, म्हणून तो आला आणि लगेच मागे पडला.

अनुच्छेद ४१ चा तास सगळ्यात चांगला रंगला. काम मिळण्याचा, शिक्षणाचा आणि बेकारी, वार्धक्य, आजारपणात सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत उपलब्ध करून द्यावा, असे हा अनुच्छेद सांगतो. त्यापुढे सरांनी १९७२चा दुष्काळ लिहिला. खानदेशातल्या ज्यांच्या घरी त्या काळातील माणसे आहेत त्यांना खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे वेगळी सांगावी लागत नाहीत. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ज्या योजनेचा पाठपुरावा केला, ती रोजगार हमी योजना १९७७च्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमाने कायद्यात आली आणि तो अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे केंद्राने २००५ साली देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे हा अनुभव होता. मला स्वतःला नवीन वाटलेली गोष्ट व्यवसाय कराची. पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर आपण सगळेच भरतो आणि त्याबद्दल कुरकुरतो, पण १९७५चा तो कायदा रोजगार हमीसाठी पैसा उभा करण्याकरिता झाला होता, हे वर्गातल्या एकाही पगारदाराला ठाऊक नव्हते. 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' हे शब्द मी आजवर पळवाट म्हणूनच वाचत आलो होतो, पण इथे एका राज्याने ती क्षमता करातून निर्माण केल्याचे उदाहरण समोर होते. सरांनी ते ओढूनताणून गौरवगान न करता मांडले, कामावरची मजुरी वेळेवर न मिळण्याच्या तक्रारीही त्याच दमात सांगितल्या, हे मला आवडले.

अनुच्छेद ३९(ख) वरची चर्चा वेगळ्या कारणाने लक्षात राहिली. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हिताला उपकारक होईल अशा रीतीने वाटले जावे, असे ते तत्त्व आहे. मुंबईतील उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारती ताब्यात घेण्यासाठी १९८६ साली म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातले गेले, त्याला इमारतमालकांनी आव्हान दिले आणि ते प्रकरण कित्येक वर्षे रेंगाळून ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्यातील घटनात्मक प्रश्नांचा निकाल दिला. प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. साधनाचे स्वरूप, त्याची टंचाई, समाजाच्या हिताशी असलेला त्याचा संबंध आणि ते मोजक्या हातांत एकवटल्याचे परिणाम पाहून ते ठरवावे लागेल, असे बहुमताने म्हटले. मुंबईच्या चाळींची ही कथा जळगावच्या वर्गात थंडच राहिली असती, पण रावेरकडच्या एका मुलीने विचारले की, मग आमच्या केळीच्या बागेतल्या ट्यूबवेलचे पाणी कोणाचे? त्यानंतरचा अर्धा तास सरांनी वर्गाच्या हवाली केला. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाण्यासाठी बोअर किती खोल न्यावे लागते, हे सांगणारी मुले एका बाजूला आणि जमीन माझी तर पाणी माझे म्हणणारी दुसऱ्या बाजूला, असा वाद झाला. सरांनी महाराष्ट्राचा २००९चा भूजल कायदा मध्ये आणला आणि निकालातली एकेक कसोटी त्या पाण्याला लावून पाहायला सांगितले. उत्तर निघाले नाही. तरीही या वर्गातला माझा सर्वांत समाधानाचा वेळ तोच.

अनुच्छेद ३९क मधील मोफत विधी साहाय्य, ४७ मधील दारूबंदी आणि ५० मधील न्यायसंस्था व कार्यकारी यंत्रणा यांचे विभक्तीकरण हे भाग नेटके झाले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा असून तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला आणि त्याखाली स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळू शकतो, ही माहिती काही मुलींनी वहीत दोनदा अधोरेखित करून घेतली. दारूबंदीच्या निमित्ताने दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावात होणाऱ्या 'आडवी बाटली' मतदानाची प्रक्रिया समजली. समान नागरी संहितेवर, म्हणजे अनुच्छेद ४४ वर, सरांनी शाहबानो प्रकरणापासून उत्तराखंडच्या कायद्यापर्यंतचा क्रम सांगितला आणि मत विचारल्यावर परीक्षेतही मत देऊ नका असा सल्ला दिला. मला तो थोडा सोयीचा वाटला.

आता उणिवा. अनुच्छेद ४० मध्ये ग्रामपंचायतींची संघटना करण्याचे तत्त्व आहे. मूळ मसुद्यात ते नव्हते आणि संविधान सभेचे सदस्य के. संथानम यांच्या दुरुस्तीने नोव्हेंबर १९४८ मध्ये ते आले, हे सरांनी सांगितले. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, हेही आले. पण अनुसूचित क्षेत्रांतील, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या भागांतील, ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा एका वाक्यात आटोपला. आमच्या यावल तालुक्यात, तसेच चोपडा आणि रावेरमध्ये, सातपुड्याच्या पायथ्याची काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. नंदुरबार जिल्ह्याचा तर मोठा भाग त्यातच आहे. या गावांत ग्रामसभेला गौण वनोपज, गौण खनिजे आणि गावातील जलसाठे यांबाबत इतर गावांहून अधिक अधिकार आहेत आणि महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ साली नियमही केले आहेत. उद्या हीच मुले त्या गावांत ग्रामसेवक किंवा तलाठी म्हणून जाणार. त्यांना हा भाग सविस्तर न सांगणे ही माझ्या दृष्टीने मोठी त्रुटी आहे. अनुसूचित जमातींच्या शैक्षणिक व आर्थिक हितसंबंधांविषयीचा अनुच्छेद ४६ सुद्धा असाच घाईत उरकला गेला.

ज्यासाठी मी आलो होतो तो अनुच्छेद ४३ख, सहकारी संस्थांविषयीचा, सुरुवातीला चुकीचा शिकवला गेला. सहकाराची घटनादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, असे सरांनी सांगितले. वस्तुस्थिती अशी की, १५ फेब्रुवारी २०१२ पासून लागू झालेल्या ९७व्या दुरुस्तीने तीन गोष्टी केल्या : अनुच्छेद १९ मधील संघ स्थापन करण्याच्या हक्कात सहकारी संस्थांचा उल्लेख आला, भाग चारमध्ये ४३ख आला आणि सहकारी संस्थांच्या कारभाराविषयी भाग नऊ-ख आला. २० जुलै २०२१च्या निकालाने भाग नऊ-ख राज्यांतर्गत सहकारी संस्थांपुरता टिकला नाही, कारण त्यासाठी निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती घेतलेली नव्हती. उरलेल्या दोन तरतुदींना त्या निकालाने हात लावलेला नाही. महाराष्ट्राने दरम्यान आपल्या सहकार कायद्यात केलेल्या सुधारणा, क्रियाशील सभासदाची व्याख्या आणि सहकार निवडणूक प्राधिकरण यांच्याशी माझा रोजचा संबंध येत असल्याने मी हे वर्गात सांगितले. सरांनी पुढच्या रविवारी निकाल वाचून येऊन सर्वांसमोर दुरुस्ती केली. शिकवणाऱ्या माणसाचा मोठेपणा म्हणून त्याची नोंद घ्यायलाच हवी.

छापील नोट्सबद्दल मात्र एवढे चांगले लिहिता येत नाही. त्यांत अनुच्छेद ४५ जुन्याच स्वरूपात, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मोफत व सक्तीचे शिक्षण असा, छापला आहे. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने तो बदलला. आता तिथे सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण आहे आणि सहा ते चौदा वयोगटाचा शिक्षणाचा हक्क अनुच्छेद २१क मध्ये मूलभूत हक्क म्हणून आला आहे. नोट्समध्ये एका पानावर मूलभूत कर्तव्ये दहा आहेत आणि दुसऱ्या पानावर अकरा. स्वर्णसिंग समितीने दहा कर्तव्ये सुचवली, असेही छापले आहे. समितीने १९७६ साली आठ सुचवली होती आणि ४२व्या दुरुस्तीने दहा घातली, ती ३ जानेवारी १९७७ पासून लागू झाली. अकरावे, म्हणजे ही कर्तव्ये सांगणाऱ्या अनुच्छेद ५१क च्या खंड (ट) मधील पालकाचे कर्तव्य, वरच्याच ८६व्या दुरुस्तीने आले. परीक्षार्थी मुले या नोट्स पाठ करतात, तेव्हा ही चूक केवळ छपाईची म्हणून सोडून देता येत नाही.

भाग चार-कच्या शिकवण्यात तर सरांनी आपली चांगली पद्धतच सोडून दिली. भाग चारमध्ये ज्यांनी प्रत्येक तत्त्वाला कायदा आणि कार्यालय विचारले, त्यांनी अकरा कर्तव्ये मुलांकडून एका सुरात म्हणवून घेतली, लक्षात ठेवण्यासाठी आद्याक्षरांचे सूत्र दिले आणि मग देशप्रेमावर एक लांब भाषण केले. भाषणात गैर काही नव्हते, पण शिकण्यासारखेही फारसे नव्हते. मतदान आणि कर भरणे ही मूलभूत कर्तव्यांच्या यादीत नाहीत, कर भरण्याची शिफारस स्वर्णसिंग समितीने केली होती पण ती स्वीकारली गेली नाही, हा एक मुद्दा त्यांनी स्पष्ट केला, तेवढाच उपयोगाचा. या कर्तव्यांच्या भंगाला संविधानात शिक्षा सांगितलेली नाही, ती जिथे आहे तिथे स्वतंत्र कायद्यातून येते, जसे राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाविरुद्धचा १९७१चा आणि सार्वजनिक मालमत्तेच्या हानीविरुद्धचा १९८४चा कायदा, हे सांगायला हवे होते. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहणाऱ्या, पण धार्मिक श्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या केरळमधील विद्यार्थ्यांना शाळेतून काढता येणार नाही, असा १९८६चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. कर्तव्य आणि हक्क समोरासमोर आले की काय होते, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण, पण तेही आले नाही.

मला सर्वांत खटकले ते असे की, ज्या मातीत हा वर्ग भरला तिच्याकडे कोणी पाहिले नाही. खंड (ख) सांगतो की, स्वातंत्र्यलढ्याला प्रेरणा देणाऱ्या उदात्त आदर्शांची जोपासना करावी. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा हाती घेऊन निघालेला शिरीषकुमार आणि त्याच्याबरोबर गोळीबारात पडलेली मुले आठवायला कोणते पुस्तक उघडावे लागते? जळगाव जिल्ह्यातल्याच फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले, ते खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. तिथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात कुळांनी मालकाला द्यायचा खंड आणि सरकारी शेतसारा कमी करणे, शेतकऱ्याचा कर्जभार हलका करणे, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी आणि सहकारी शेती असे मुद्दे होते. अनुच्छेद ४३ मधील निर्वाह वेतन आणि ३८, ३९ मधील विषमता कमी करण्याचा विचार त्याच्या शेजारी ठेवून वाचला असता, तर भाग चार आणि भाग चार-क एकाच तासात जोडून दाखवता आले असते. मूलभूत हक्क व आर्थिक कार्यक्रमाविषयीचा काँग्रेसचा १९३१चा कराचीचा ठराव सरांनी सांगितला, फैजपूर मात्र सांगितले नाही. ज्यांची घरे फैजपूरहून एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर आहेत अशी मुले समोर बसलेली असताना!

खंड (छ) मधील वने, सरोवरे, नद्या आणि वन्य जीव यांच्या रक्षणाच्या कर्तव्याचेही तसेच झाले. साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने उजाड झालेले जंगल नियम करून, राखण करून पुन्हा उभे केले आणि त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. जंगल राखणे हे राज्याचे तत्त्व म्हणून ४८क मध्ये आणि नागरिकाचे कर्तव्य म्हणून ५१क(छ) मध्ये आहे, दोन्ही ४२व्याच दुरुस्तीने आलेली. बारीपाड्यात ती दोन्ही एका ठिकाणी दिसतात. याउलट बाजू पाहायची तर गिरणेच्या पात्रातील वाळूउपसा आहेच. आणि खंड (ट) शिकवताना साक्री, चाळीसगाव भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार करावा लागतो. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे कर्तव्य खरे, पण वर्षातले काही महिने फडावर काढणाऱ्या आईबापांवर ते किती टाकायचे आणि २१क खाली राज्यावर किती, हा प्रश्न भाषणाने सुटत नाही. सरांची फळ्यावरची रीत इथेही वापरता आली असती.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. खोली हवेशीर आहे, फळा मागच्या बाकावरूनही दिसतो, वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात. वर्ग ठरलेल्या वेळेपेक्षा हमखास लांबतो आणि लांबच्या मुलांची शेवटची एस.टी. चुकण्याची वेळ येते; याबद्दल कार्यालयात सांगितल्यावर वेळ बदलण्याचे आश्वासन मिळाले, बदल मात्र झाला नाही. मुलींसाठी स्वच्छतागृह वेगळे आहे आणि स्वच्छ असते. चहा बरा.

८०० रुपयांत भाग चारचे एवढे काळजीपूर्वक अध्यापन मिळत असेल तर ते महाग नाही, आणि परीक्षा द्यायची नसलेल्या पंचायत सदस्यांनी, सोसायटीच्या संचालकांनी, शिक्षकांनीही जायला हरकत नाही. भाग चार-कसाठी म्हणून कोणी पैसे भरू नयेत. नोट्स वेगळ्या विकत मिळतात, त्या नव्या आवृत्तीत दुरुस्त होईपर्यंत घेऊ नयेत. शासनाने प्रकाशित केलेली संविधानाची मराठी प्रत सोबत न्यावी आणि अनुच्छेद ४५ व ५१क तिच्यातूनच वाचावेत. पुढच्या वर्गाची नोंदणी दिवाळीनंतर सुरू होणार असल्याचे कार्यालयाने सांगितले आहे. वेळ पूर्वीचीच राहणार असेल, तर चोपडा-यावलकडच्यांनी परतीच्या गाडीची चौकशी करूनच पैसे भरावेत.